हजेरीतलं तिसरं नाव

पोशीर
१२ जानेवारी २०२५

रजिया,

हे पत्र साईनाथच्या भाजीच्या टेंपोतून पाठवते आहे. तो शिळफाट्याला तुमच्या दुकानाशी थांबेल. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू आल्यासारखं तू 'हो हो' करतेस, त्यापेक्षा कागद बरा. उत्तर त्याच्याकडेच दे, पण पाकीट चिकटवून दे. तो वाचतो. मागच्या वेळी तुझ्या गुडघ्याची चौकशी त्याने माझ्याआधी केली.

काम असं आहे. नेरळच्या कॉम्प्युटर केंद्रात मी जाते हे तुला माहीत आहे. रस्त्यांचे फोटो येतात, कॉम्प्युटरला ओळखायला शिकवण्यासाठी त्यातल्या प्रत्येक गाडीभोवती, गुराभोवती, खड्ड्याभोवती माऊसने चौकट काढायची. दिवसाला चारशे फोटो. दिवाळीपासून माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याखालची शीर धरली आहे. सकाळी भाकरी थापताना हात मध्येच सुटतो. डॉक्टर म्हणाले, हात बदलता येत नाही, माऊस बदला. केंद्र सांभाळणारी श्रद्धा म्हणाली, "काकू, गेम खेळणारी पोरं वापरतात तसला घ्या. त्याला अंगठा टेकायला जागा असते." आणि त्याच दमात म्हणाली, "मार्चअखेर आकडा भरला नाही तर तुमच्या जागी मला दुसरी बघायला लागेल. माझ्या हातात नाही हो."

म्हणजे तिच्या हातात नाही आणि माझ्या हातात जोर नाही. हे काम गेलं तर माझ्या वयाच्या बाईला दुसरं बसून करायचं काम या बाजूला कोण देणार?

तुमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात असे माऊस आहेत ना? शकूरभाईंना विचार. पण दुकानदार म्हणून नको, आमच्या मालोजींचे मित्र म्हणून विचार.

वनिता


शिळफाटा, खोपोली
१५ जानेवारी

प्रिय वनिता,

पाकिटाला डिंक लावलाय, वर चिकटपट्टीही लावली आहे. आता साईनाथला वाचायचं असेल तर कात्री घेऊन बसावं लागेल.

हातावर गरम मिठाची पुरचुंडी ठेव गं. आणि भाकऱ्या आरोहीला थापू दे, लेक मोठी झाली आता.

ह्यांना विचारलं. तुझं नाव काढल्याबरोबर म्हणाले, त्यांना काळा द्या, बाजूला अंगठ्याची खोबण आहे तो. आमच्या मिस्बाहने दुकानाचं पान उघडलंय ना फोनवर, त्यात तो माऊस नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी टाकला, दुकानात पहिल्यांदा आला त्याच दिवशी. त्याच्याखाली घेणाऱ्यांनी मतं लिहिली आहेत, तीही मराठीत. पाच जणांनी लिहिलंय आणि पाचही जण खूश आहेत. तू वाचणारी बाई, वाचून बघ. मग सांग, मी साईनाथकडेच पाठवून देते.

मिस्बाह स्वतः तोच वापरते, तिचा आधीच बाहेरून मागवलेला. दुकानाच्या जाहिराती, लग्नाच्या पत्रिका, सगळं त्याच्यावरच करते.

तुझी रजिया


पोशीर
२१ जानेवारी

रजिया,

चार दिवस मी मतंच वाचते आहे. इतकी तर मी परीक्षा असती तरी वाचली नसती.

आधी बाहेरच्या साइटवरची वाचली. ती इंग्रजीत असतात, फोन त्यांचं मराठी करून देतो. एकाने लिहिलंय, 'हा उंदीर माझ्या तळहातात छान झोपतो.' आरोही हसून हसून लोळली. दुसरा म्हणतो, रोज आठ तास खेळतो, हात अजिबात दुखत नाही. त्याच्या आईचं मत कुठे वाचायला मिळेल, असं मला झालं. पण कामाचंही मिळालं. एका बाईने लिहिलंय की मनगटाच्या वळीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात मोजा, आणि आपल्याएवढा हात असणाऱ्याचंच ऐका. मी टेपने मोजला. साडेसहा इंच. ही मोठ्या माऊसची कौतुकं करणारी पोरं सगळी आठ इंचवाली.

आणखी एक गोष्ट कळली. ज्याने दोष लिहिलाय, त्याने वस्तू वापरलेली असते. कुणी लिहितो, वर्षाने बटण एकदा दाबलं की दोनदा लागतं. कुणी लिहितो, घामाने रबर चिकट होतं. अशांवर माझा विश्वास बसतो. आमचे वडील कळंबच्या बाजारात बैल घ्यायला जायचे तेव्हा विकणाऱ्याशी बोलायचेच नाहीत. बैलाच्या मानेवर जू घासून पडलेला घट्टा बघायचे. म्हणायचे, "दावणीला बांधलेला बैल गरीबच असतो गं. काय ते त्याच्या मानेला विचार."

मग तुमच्या पानावरची पाच वाचली. रजिया, राग मानू नकोस. पाचांपैकी एकालाही दोष सापडलेला नाही. दोघे लिहितात, 'या दुकानातून घेतला, दोन महिने वापरतो आहे.' माऊस दुकानात आला पहिल्या तारखेला, हे तूच लिहिलंस. तीन आठवड्यांत दोन महिने कसे झाले? आणि पाचही जण शेवटी एकच वाक्य लिहितात, 'तक्रार काही नाही.' हे वाक्य मी आधी कुठेतरी वाचलं आहे. आठवेल.

मला या पाचांपैकी एकाचा पत्ता दे. किरण म्हणून आहे, जैतू म्हणून आहे, कुणीही चालेल. मी खोपोलीला येईन आणि त्याचा हात बघेन.

वनिता


शिळफाटा
२६ जानेवारी

वनिता,

कमाल केलीस बाई. माऊस घ्यायचा आहे की जावई करायचा आहे? म्हणे हात बघेन!

मतं लिहिणाऱ्याचं महिन्या-दोन महिन्यांचं चुकतं गं. मला तरी कुठे आठवतंय माझा चष्मा कधीचा आहे ते. आणि एकासारखं दुसरा लिहितो, लोकांना कुठे लिहिता येतं तुझ्यासारखं. संशयाला औषध नाही बघ. मालोजीभाऊ गेल्यापासून तू दुधातही पाणी शोधतेस आणि पाण्यातही.

पत्त्याचं ह्यांना विचारलं. म्हणाले, गिऱ्हाइकाचा पत्ता देता येत नाही. मग असरची नमाज पढायला गेले ते मगरिब झाली, अंधार पडला तरी आले नाहीत. आल्यावर जेवले नाहीत. एवढंच विचारलं, "वनिताबाईंनी नावं वाचली का?" मी म्हटलं, वाचली असतील, डोळे आहेत त्यांना. मग पंखा लावून त्याखाली बसले. या थंडीत पंखा!

दुकानाची काळजी असेल. तू मनावर घेऊ नकोस. माऊस पाठवू का ते सांग.

रजिया


पोशीर
२ फेब्रुवारी

रजिया,

हे पत्र तू एकटी असताना वाच.

शकूरभाईंनी विचारलं, मी नावं वाचली का. नीट वाचली नव्हती. काल वाचली.

पानावर नवं मत वर येतं आणि जुनं खाली जातं. श्रद्धाने मला ते उलटं करायला शिकवलं, आधीचं आधी. मग मी वरून खाली मोठ्याने वाचायला लागले, मला तशीच सवय आहे. किरण. जैतू. आणि माझ्या तोंडात तिसरं नाव आपोआप आलं. पडद्यावर ते नव्हतं. पडद्यावर पुढे होतं, दत्ताराम. बारकू. हुसेन.

तुला माहीत आहे मी शाळेत गेले नाही. अक्षरं मला मालोजींनी शिकवली, रसायनीच्या कंपनीच्या चाळीत, तू शेजारच्या खोलीत होतीस. दुसरं पुस्तक घरात नव्हतं. ते शिफ्टची हजेरी लिहायचे, ती वही दुपारी घरी यायची. मी त्या वहीवर बोट ठेवून वाचायला शिकले. किरण, जैतू, मालोजी, दत्ताराम, बारकू, हुसेन, शकूर. सात नावं, दोन वर्षं, रोज. लोकांना श्लोक पाठ असतात तशी मला ही शिफ्ट पाठ आहे.

खोपोलीतल्या पाच गिऱ्हाइकांनी त्या शिफ्टच्या क्रमाने माऊस घेतला आणि तिसऱ्या जागी कुणी घेतलाच नाही, हे मी मानू का? ज्याने ही यादी लिहिली त्याला ती माझ्यासारखीच पाठ आहे. आणि तिसरा माणूस आता नाही हे त्याला ठाऊक आहे. सातवं नाव त्याचं स्वतःचं.

'तक्रार काही नाही' कुठे वाचलं होतं, तेही आठवलं. कंपनीच्या कागदावर. मालोजी गेल्यावर मी कंपनीत गेले होते. म्हटलं, धुळीने छाती गेली माझ्या माणसाची, नवे मास्क आले तेव्हापासून खोकत होते. साहेबांनी फाइलमधून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. 'वापरणाऱ्याचा अभिप्राय. मास्क वापरून पाहिला. आरामदायक आहे. तक्रार काही नाही.' खाली सही यांची. साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या नवऱ्यानेच लिहून दिलंय." मी उठून घरी आले. अक्षर यांचं नव्हतं, पण मला वाटलं यांनी सांगून कुणाकडून लिहून घेतलं असेल. सही तर खरी होती.

ते अक्षर कुणाचं, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारते. उत्तर तू देऊ नकोस, शकूरभाईंनी द्यावं.

माऊस पाठवू नकोस.

वनिता


पोशीर
१६ फेब्रुवारी

रजिया,

साईनाथ चार वेळा जाऊन आला. चारही वेळा म्हणाला, "नाय काय दिलं, काकी. दुकानाचं शटर अर्धं व्हतं."

मी डाव्या हाताने चौकटी काढायला शिकते आहे. बैलाची चौकट काढायला जाते आणि शेपूट बाहेर राहतं. काल दीडशेच फोटो झाले. श्रद्धाने माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक नवी मुलगी आणून बसवली आहे.

तू तरी लिही.

वनिता


शिळफाटा
२३ फेब्रुवारी

वनिता,

लिहायला एवढे दिवस लागले, कारण ह्यांच्याकडून एकेक वाक्य काढावं लागलं. मला ऐकू कमी येतं म्हणून ते कायम माझ्याशी मोठ्याने बोलतात. हे मात्र मोठ्याने बोलता येईना. शेवटी मीच म्हटलं, कागदावर लिहून दाखवा. तेव्हा लिहिलं.

माऊसचं आधी सांगते. मिस्बाह म्हणाली होती, अब्बा, ज्याच्याखाली कुणी लिहिलेलं नसतं ते कुणी घेत नाही. म्हणून हे बसले आणि पाच मतं लिहिली. नावं शोधावी लागली नाहीत, म्हणतात. हाताने आपोआप लिहिली. तिसऱ्या नावाशी हात थांबला आणि ते सोडून पुढे गेले. मिस्बाहला ठाऊक नव्हतं. तिने परवाच पाचही काढून टाकली आणि बापाशी दोन दिवस बोलली नाही.

आता दुसरं. नवे मास्क आले तेव्हा साहेबांनी ह्यांना बोलावलं. ह्यांचं अक्षर चांगलं, म्हणून सात कागद ह्यांच्याकडे दिले. शिफ्टची पद्धत तुला आठवते ना? आठवड्याच्या सगळ्या सह्या शनिवारी एकदम करायच्या. त्या गठ्ठ्यातच हे कोरे कागद घातले. कुणी बघितलं नाही. मालोजीभाऊंनीही नाही. शकूरने पुढे केलेला कागद कशाला वाचायचा! मग रविवारी घरी बसून ह्यांनी सातही भरले. साहेबांनी एक नमुना दिला होता, तोच सात वेळा.

आणि वनिता, अजून एक आहे. त्या आठवड्यात भाऊ ह्यांना म्हणाले होते, "शकूर, नाकापाशी फट ऱ्हाते रं. पावडर आत येते. कुणी इचारलं तर तसं लिव." म्हणजे ह्यांना माहीत होतं. तरी लिहिलं नाही. चार महिन्यांनी कंपनी सोडली आणि दुकान टाकलं. मला सांगितलं, खोपोलीत धंदा बरा आहे.

मला हे काहीच माहीत नव्हतं. तू खरं मानशील की नाही, मला कळत नाही. त्या रविवारी हे लिहीत बसले होते, तेव्हा मीच चहा करून दिला होता. एवढं आठवतंय.

सोबत एक डबा आहे. नवा नाही. मिस्बाहचा वापरातला माऊस आहे, दोन वर्षांचा. तिचा हात तुझ्याएवढाच, मी टेपने मोजला. ती म्हणाली, "वनिताखालांना सांग, चाक फिरवताना करकरतं, आणि अंगठ्याच्या जागेचं रबर झिजलंय. पण माझं मनगट दुखायचं ते थांबलं." तू घट्टा बघणार म्हणालीस ना? बघ.

रजिया


पोशीर
२ मार्च

रजिया,

तुझं पत्र मी आरोहीला वाचायला दिलं नाही. स्वतःच तीन वेळा वाचलं.

तुझ्यावर माझा विश्वास आहे. चहाचं तू लिहिलं नसतंस तर कदाचित बसला नसता.

आता माझं ऐक. मालोजी गेले त्याला सव्वादोन वर्षं झाली. तो कागद बघितल्यापासून मी त्यांच्यावर रागावलेली होते, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी मला चार वर्षं खोकला ऐकवलात आणि तिथे लिहून आलात, तक्रार काही नाही. माझ्याशी खोटं बोललात की साहेबाशी? वर्षश्राद्धाला पान वाढतानासुद्धा मी मनात हेच विचारत होते. मेलेला माणूस उत्तर देत नाही, म्हणून भांडण संपत नाही. आणि ते तर बोलले होते. नाकापाशी फट आहे, असं स्वच्छ बोलले होते. हे मला तेव्हा कळलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. शकूरभाईंनी मास्क बनवला नाही, त्यांनी माझा माणूस मारला असं मी म्हणणार नाही. पण हे रडणं त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं.

साहेबांनी नमुना दिला तसं त्यांनी लिहिलं. आता मी सांगते तसं लिहू दे. एका कोऱ्या कागदावर, त्या मास्कबद्दल वापरणाऱ्याचं मत. किती दिवस वापरला, कसा होता. स्वतःच्या अक्षरात, खाली स्वतःची सही, आणि शिफ्टची सात नावं क्रमाने. तो कागद घेऊन मी कुठे जाईन ते मी बघेन. त्यांनी घाबरायचं असेल तर घाबरावं.

डबा उघडलेला नाही. तो कागद आल्यावर उघडेन. श्रद्धाने मार्चअखेरची मुदत आता पंधरा तारखेवर आणली आहे.

रोजे सुरू झाले ना आज? जप.

वनिता


(साईनाथने आणलेल्या पाकिटातला कागद)

८ मार्च २०२५

वापरणाऱ्याचे मत

वस्तू : धुळीसाठी नाकातोंडावर लावायचा मास्क, कंपनीने दिलेला.
वापरला : चार महिने. नंतर मी कंपनी सोडली. बाकीच्यांनी पुढेही वापरला.

नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहत होती. पट्टी कितीही आवळली तरी राहत होती. शिफ्ट संपल्यावर मास्क काढला की आतून पिवळी पावडर निघायची. आधीचा मास्क जड होता पण तो चांगला होता. हा वाईट होता. हे मला पहिल्या आठवड्यात कळले होते. मालोजी यांनी मला तोंडी सांगितले होते आणि लिहायला सांगितले होते. मी लिहिले नाही. सातही कागद माझ्या अक्षरातले आहेत. सह्या कोऱ्या कागदावर घेतल्या होत्या. विचारणारा कोणीही असो, मी हे समोर येऊन सांगेन.

किरण
जैतू
मालोजी
दत्ताराम
बारकू
हुसेन
शकूर

सही : शकूर


पोशीर
१४ मार्च

रजिया,

कागद पोचला. सात नावं मी मोठ्याने वाचली. आरोही चुलीपाशी होती, तिने विचारलं, "आई, कुणाची हजेरी घेतेस गं?" मी म्हटलं, तुझ्या बाबांची. मग तिला बसवून सगळं सांगितलं. आम्ही दोघी रडलो. बरं वाटलं म्हणणार नाही, पण जिथे अडकलं होतं तिथून हललं.

कागदाच्या तीन नकला काढल्या आहेत. पुढच्या सोमवारी आरोही आणि मी अलिबागला कामगार खात्यात जातो आहोत. समोर येऊन सांगेन असं शकूरभाईंनी लिहिलंय. तेव्हा त्यांना सोमवारी सकाळी नऊला शिळफाट्याच्या चौकात उभे राहायला सांग. साईनाथ आम्हाला सोडणार आहे, तो त्यांना तिथून घेईल. आले नाहीत तर मला आश्चर्य वाटणार नाही. आले तर वाटेल. माफ केलं असं मी लिहीत नाही. ते खरं होणार नाही, आणि खोटं मत मी आता देत नाही.

डबा उघडला. आधी अंगठ्याची जागा बघितली. रबर झिजून आतलं प्लास्टिक दिसतंय, मिस्बाहच्या अंगठ्याच्या आकाराचं. पोरीने खरंच राबवलाय. माझा अंगठा बरोबर तिथे बसला. काल तीनशे दहा फोटो झाले. श्रद्धाने त्या नव्या मुलीला दुसऱ्या रांगेत नेऊन बसवलं.

मिस्बाहच्या पानावर त्या माऊसखाली आता काहीच लिहिलेलं नव्हतं. रात्रभर विचार केला आणि सकाळी मीच लिहिलं. तुझ्या फोनवर नीट दिसेल न दिसेल, म्हणून इथे उतरवून देते.

'वापरलेला घेतला. सहा दिवस वापरते आहे, जास्त नाही. हात साडेसहा इंचाचा असेल तर बसतो. मोठ्या हाताचं मला माहीत नाही. चाक करकरतं. रबर दोन वर्षांत झिजतं. जड आहे, पहिले दोन दिवस खांदा दुखला. मनगट आधीपेक्षा कमी दुखतं, पण दुखतं. सहा महिन्यांनी पुन्हा लिहीन.'

खाली नाव लिहायची चौकट होती. त्यात मी माझं पूर्ण नाव घातलं आहे, कागदोपत्री असतं तसं. शकूरभाईंना ते पान उघडून दाखव.

वनिता मालोजी कराळे